भिंतीलगतची रांग

त्या मंगळवारी मिराबाईनं खिचडीत लसूण घातलाच नव्हता. ही गोष्ट आधी ध्यानात ठेवा, कारण पुढं सारी टेकवाडी ती खोटी ठरवायला कंबर कसून उभी राहिली. बाई श्रावण पाळायची. श्रावणात कांदा-लसणाला हात लावायची नाही, आणि शाळेचा नियम असा की खिचडी लेकरांच्या ताटात पडण्याआधी शिजवणारीनं स्वतः खाऊन दाखवायची. मग लसूण घालणार कशी? मूगडाळ, तांदूळ, जिरं, मोहरी, मीठ आणि हळद, एवढ्यावर तिनं एकसष्ट लेकरांचं पातेलं उतरवलं. ताटलीभर स्वतः खाल्लं. हेडमास्तर ओमप्रकाश सरांनी दोन घास खाल्ले आणि चवीच्या रजिस्टरवर सही ठोकली.

आणि तरी दुपारी चौथीच्या वर्गात लसणाचा वास सुटला होता. फोडणीचा खमंग वास नव्हे बरं का. टोपलीत कुजलेल्या लसणाचा.

टेकवाडी शिरड शहापूरच्या अलीकडं, डांबरी सोडून आत वळल्यावर लागते. शाळा जिल्हा परिषदेची, एका ओळीत चार खोल्या, वर पत्रे. तिसऱ्या खोलीत तिसरी-चौथीची बावीस लेकरं एकत्र बसायची आणि त्यांना साधना मॅडम शिकवायच्या. त्या खोलीचा गावाला भारी अभिमान. लोकवर्गणी करून तिथं मोठा टीव्ही बसवलेला, दारावर रंगानं लिहिलेलं, 'डिजिटल वर्ग'. पण उजेडात टीव्हीवरचं चित्र दिसेना. मग खिडक्या लावल्या, त्यांवर काळे पडदे ठोकले, पडद्यांवर तक्ते चिकटवले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. माणसाला डोळे आधी की श्वास, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

चौथ्या खोलीला कुलूप होतं आणि आत विश्वंभरची हळद होती.

विश्वंभर वाईट माणूस नव्हता, हे सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही आत्तापासूनच त्याच्या नावानं बोटं मोडाल. तो शाळा समितीचा अध्यक्ष. टीव्हीच्या वर्गणीत निम्मा वाटा त्याचाच. मिराबाईला खिचडीचं काम लावून दिलं तेही त्यानंच. मे महिन्याच्या वावटळीत त्याच्या शेतातल्या आखाड्यावरचे पत्रे उडाले, तेव्हा दीडशे पोती हळद त्यानं 'आठ दिसासाठी' शाळेत आणून लावली. आठ दिवसांचे तीन महिने झाले. कुणी विचारलं की हसून म्हणायचा, "पी हळद अन् हो गोरी असं व्हत नसतंय बाबा. भाव येऊ द्या, मंग हालवतो." सर गप्प बसले. ज्यानं टीव्ही दिला त्याला खोली रिकामी कर म्हणायचं कोणत्या तोंडानं?

दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत पूर्वी दार होतं. त्यावर फळ्या मारलेल्या आणि फळ्यांवर बाराखडीचा फ्लेक्स लटकवलेला. फळ्यांमधून बोट जाईल एवढ्या फटी होत्या. पण फ्लेक्सच्या मागं कोण बघायला जातंय?

आता पुनमचं सांगतो. पुनम म्हणजे मिराबाईची नात, चौथीतली, नऊ वर्षांची. तिचे आईबाप चाकणला कंपनीत होते. जाताना सून म्हणाली होती, "आत्याबाई, लेकरू तुमच्या भरोशावर हाय." एवढंच म्हणाली, पण मिराबाईच्या काळजात ते रुतून बसलं होतं. पोरगी बोलकी, जरा आगाऊच. खिचडी शिजेपर्यंत आजीच्या पाठीला पाठ लावून चुलीपुढं बसायची आणि मॅडमच्या नकला करायची. गॅसची टाकी महिन्यातून तीन आठवडे रिकामीच असायची, म्हणून चूल. पावसाळ्यात कापसाची पऱ्हाटी ओली, धूर डोळे फोडणारा. आषाढात पुनमला खोकला लागला तो जाईना. वसमतच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून पाहिलं आणि मिराबाईला दटावलं, "आजी, पोरीला धुरात अजिबात ठेवायचं नाही. धुरानं फुप्फुसं खराब होतात लहान लेकरांची."

डॉक्टरचं खरंच होतं. आणि मिराबाईनं ते देवाच्या शब्दासारखं धरलं.

चुलीचं शेड डिजिटल वर्गाच्या मागं होतं आणि त्या बाजूची एकच खिडकी तेवढी उघडी राहायची. मिराबाईनं दुसऱ्याच दिवशी ती लावून घेतली. तावदान फुटकं होतं, तिथं बारदाना कोंबला. खालच्या फटीत चिंध्या. वरून फळी ठोकली. साधना मॅडम खूश झाल्या, म्हणाल्या, "मावशी, आता चित्र कसं स्वच्छ दिसायलंय बघा." पुनमला तिनं ताकीद दिली, "चुलीकडं फिरकायचं न्हाई. सुट्टीतबी वर्गातच बसायचं." पोरगी फुरंगटली, पण बसली. तिची जागा भिंतीलगतच्या रांगेत, बाराखडीच्या खाली.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी अर्धी शाळा होती. अर्धं गाव औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलेलं. आठ दिवसांपासून झड लागली होती, अंगावरचे कपडे वाळत नव्हते. मंगळवारी पूर्ण शाळा भरली आणि दुपारी दोनच्या सुमारास डिजिटल वर्गातली पाच लेकरं भडाभडा ओकली. डोकं धरून बसली. त्यांत पुनम होती. मॅडमचंही डोकं ठणकत होतं, पण त्यांना वाटलं कालच्या उपवासाचं असेल.

झालं. तासाभरात शाळेच्या ओट्यावर गाव गोळा झालं. गुलाबसिंगचं पोरगं ओकणाऱ्यांत होतं. तो आल्या आल्या पातेल्यावरच गेला.

"काय घातलं व्हतं बाई तू हेच्यात?"

"जे रोज घालते तेच," मिराबाई म्हणाली.

"मंग वर्गात लसणाचा वास कशाचा येऊन राहिला? कुजका लसूण घातला तू."

"श्रावण हाय भाऊ. म्या लसूण चिरला न्हाई का सोलला न्हाई."

"वास काय खोटा बोलतोय?"

विश्वंभर मध्ये पडला. समजुतीच्या सुरात म्हणाला, "मिराकाकू, घातला असंल चुकून. माणसाच्या हातून व्हतं. कबूल करून टाका, मी संभाळून घेतो." त्याच्या मनात त्या घडीला दुसरं काही नव्हतं, अशी माझी खात्री आहे. वास त्यालाही आला होता, पण सगळे खिचडी म्हणत होते तर त्यालाही खिचडीच वाटली. मिराबाईला मात्र ते बोलणं शिव्यांपेक्षा जास्त लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. पहिली-दुसरीच्या एकोणचाळीस लेकरांनी त्याच पातेल्यातलं खाल्लं होतं आणि ती ओट्याखाली चिखलात लगोरी खेळत होती. पण हे कुणी मोजलं नाही. खिचडीचा नमुना डब्यात भरून तालुक्याला गेला, चूल बंद झाली आणि मिराबाईला बुधवारी अकरा वाजता ग्रामपंचायतीत जबाबाला बोलावणं आलं.

रात्रभर पुनम खोकली. सकाळी उठली तर चेहरा उतरलेला, पण उलटी थांबली होती. मिराबाईपुढं पेच पडला. घरी एकटी ठेवावी तर छप्पर गळतंय, आणि शेजारच्या शाहिस्ताची चूल भिंतीपलीकडंच, सगळा धूर इकडं. पंचायतीत न्यावी तर तिथं लोक पोरीसमोर काय काय बोलतील कोण जाणे. शाळेत निदान मॅडम होत्या, कोरडं होतं, आणि आज तर चूलही पेटणार नव्हती. तिनं गोधडी बगलेत मारली आणि नातीला शाळेत नेलं.

"मॅडम, हिला वाईच पडू द्या मागं. मी जबाब देऊन येते."

वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीलगत, फ्लेक्सच्या खाली तिनं दोन बारदानं अंथरली, त्यावर गोधडी टाकली आणि पुनमला निजवलं. पावसाची झड खिडकीवर येत होती, म्हणून बारदाना परत घट्ट कोंबला.

"आजी, हितं वास येतो," पुनम म्हणाली.

"कशाचा?"

"कालच्यासारखा."

मिराबाईनं नाक ओढून पाहिलं. वास होता. लसणाचा. तिला वाटलं, कालचा मुरला असेल भिंतीत. पोरीच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "निज माय. हितं धूर न्हाई, वारं न्हाई. मी आलेच."

निघताना तिच्या पायाला काहीतरी लागलं. भिंतीच्या कडेला पाल मरून पडली होती. दोन पावलांवर दुसरी. तिनं केरसुणीनं दोन्ही बाहेर लोटल्या आणि चालायला लागली.

एक वाजून गेला तरी पंचायतीच्या ओसरीवर माणसं ग्रामसेवकाची वाटच बघत बसली होती. मिराबाई एका खांबाला टेकली. मनातून पालीही जाईनात आणि तो वासही जाईना. चूल कालपासून थंड होती. पातेलं घासून उपडं ठेवलेलं. खिचडीचा वास म्हणावा तर खिचडी होती कुठं?

एवढ्यात मुन्ना आला. मुन्ना म्हणजे विश्वंभरचा सालगडी, चाळिशीचा, बोलघेवडा माणूस. तो तिच्याशेजारी टेकला आणि तंबाखू मळायला घेतली. मिराबाईनं तोंड फिरवलं.

"मुन्ना, श्रावणात लसूण खातू का रे तू?"

"न्हाई मावशी. काहून?"

"हाताला वास येऊन राहिला तुझ्या."

मुन्नानं हात हुंगला आणि हसला. "गोळ्याचा हाय त्यो. दोन दिस झाले साबन लावून, जात न्हाई. हळदीला सोंडकिडे लागले व्हते ना. मालक म्हनले व्हते शनवारी टाक, म्हंजी आयतवार मोकळा जाईल. पर माझे पावने आले, राहून गेलं. मंग सोमवारी अर्धी शाळा सुटल्यावर टाकल्या. वरून ताडपत्री वढली, कुलूप लावलं."

"कसल्या गोळ्या?"

"धान्यात टाकत्यात त्या, दुसऱ्या कोन्त्या. तुमीबी टाकत असाल गव्हाच्या कोठीत."

टाकायची की. सगळं गाव टाकायचं. चिंधीत बांधून एक गोळी कोठीत, वर झाकण, काही होत नाही. पण मिराबाईला ठाऊक होतं की कोठी उघडल्यावर तोंड बाजूला करायचं असतं. सासूनं शिकवलं होतं तिला.

"किती टाकल्या?"

"दोन डबे. दीडशे पोते हायेत मावशी, एक-दोन गोळ्यांनी काय व्हतं?"

मिराबाईला एकदम काल ओकलेली पाचही लेकरं दिसली. गुलाबसिंगचा पोरगा, त्याच्यापुढची कुंभाराची मुलगी, मागचे दोघं भाऊ आणि सगळ्यांत शेवटी पुनम. पाचही भिंतीलगतच्या रांगेतली. पाचांच्या पलीकडं ते बंद केलेलं दार, आणि दारापलीकडं हळद. आणि आज तिनं त्याच दाराला पोरीचं डोकं लावून दिलं होतं.

ती उठली. ग्रामसेवक समोरून येत होता, तो म्हणाला, "आजी, जबाब." तिनं ऐकलंही नाही. साठीची बाई, चिखलात पाय रुतत होते, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पण ती धावली. मुन्ना मागून ओरडत होता, "काय झालं मावशी?" तिला सांगायलाही दम नव्हता.

शाळेत पोचली तर डिजिटल वर्गाचं दार लावलेलं. साधना मॅडम पहिल्या खोलीत होत्या, सगळी लेकरं घेऊन. लाइट गेली होती, टीव्ही बंद पडला, अंधारात बसायचं कसं म्हणून त्या तासाभरापूर्वीच इकडं आल्या होत्या.

"पुनम कुठंय?"

"शांत झोपलीय मावशी. उठवावं वाटेना. लेकरांच्या आवाजानं जाग येईल म्हणून दार ओढून घेतलं."

देवा रे, माणसं किती मायेनं दारं लावतात!

मिराबाईनं दार ढकललं. वास आता नाकात नव्हे, घशात शिरला. पुनम गोधडीत होती, पण निजलेली नव्हती. डोळे अर्धे उघडे, ओठ निळसर, आणि श्वास असा चाललेला की प्रत्येक श्वासाला खांदे वर यायचे. गोधडीवर फेस सांडलेला. मिराबाईनं तिला उचललं. नऊ वर्षांची पोर तिला एरवी उचलत नव्हती, त्या दिवशी उचलली. बाहेर पडवीत आणून पावसाच्या वाऱ्यात धरली. मॅडम रडायला लागल्या. सरांनी विश्वंभरला फोन लावला, कारण गावात चारचाकी त्याचीच.

तो पाच मिनिटांत आला. मागून धापा टाकत मुन्ना आला आणि त्यानं मालकाला एकाच वाक्यात सगळं सांगितलं. विश्वंभरचा चेहरा पांढरा पडला. त्यानं पोरीला मागच्या सीटवर घातलं, मिराबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि गाडी वसमतच्या रस्त्याला लागली.

अर्ध्या वाटेवर त्यानं तोंड उघडलं.

"काकू, मी शनवारचं सांगितलं व्हतं. एका दिसात वास उडून जातो. माझी लेकरं न्हाईत का त्याच शाळेत?"

मिराबाईनं पुनमचं डोकं मांडीवर सावरलं.

"डॉक्टरला खिचडीचं सांगू आपन. काल सगळ्या गावानं तेच म्हनलंय. नमुनाबी गेलाय. काकू, तुमाला काई होऊ देनार न्हाई मी, शब्द देतो. गोळ्याचं नाव निघालं तर मी मेलो." तो रडत होता. एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं डोळे पुसत होता, आणि गाडी मात्र जीव तोडून पळवत होता.

"गाडी नीट चालव," मिराबाई म्हणाली. "लेकराला हादरे बसून राहिले."

पुनमनं एकदा डोळे उघडले. पाणी मागितलं. दिलं तर ते ओकून टाकलं. "आजी, छातीवर कोन बसलंय?" तिनं विचारलं. मिराबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "कोनी न्हाई माय. मी हाय."

दवाखान्यात स्ट्रेचर आलं. डॉक्टर तरुण होता, पळतच आला. "काय खाल्लं हिनं?"

विश्वंभर दारात उभा होता. त्यानं मिराबाईकडं पाहिलं.

"खाल्लं काई न्हाई," मिराबाई म्हणाली. "हळदीत किड्याच्या गोळ्या टाकल्यात, दोन डबे, सोमवारी. शेजारच्या खोलीत लेकरू निजलं व्हतं. काल तिथं बसलेली आनखी चार लेकरं ओकलीत, त्येंनाबी आना."

डॉक्टरचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं भराभर नर्सला काहीतरी सांगितलं, ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या. फोन करून शाळा रिकामी करायला लावली. विश्वंभरनं स्वतः गाडी परत पिटाळली आणि त्या चौघांना आणलं, सोबत सर आणि मॅडमही आले. ती चारही वाचली, हे इथंच सांगतो. आल्यावर गुलाबसिंग मिराबाईच्या पायाशी बसला. तिला त्याच्याशी बोलायचं नव्हतं.

डॉक्टर मधूनच बाहेर येऊन विचारत होता. किती वेळ होती आत? अकरापासून, दीडपर्यंत. खिडक्या होत्या का खोलीला? होत्या. उघड्या? नाही. हवा यायला कुठून वाटच नव्हती? नव्हती. तो मान हलवून आत जायचा. शेवटी त्यानं तिला बाकावर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आजी, त्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो, त्यावर उतारा नसतो. हृदय किती तग धरतंय एवढं बघणंच आपल्या हातात आहे. नांदेडला न्यायचं, पण आत्ता हलवली तर वाटेतच जाईल."

पुनम पावणेपाच वाजता गेली. हलवायची वेळ आलीच नाही. धुरातून काढून मिराबाईनं नातीला कुठं ठेवलं होतं, हे तिला आता कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

साडेपाचला चाकणहून फोन आला. कुलदीप, मिराबाईचा मुलगा. त्याला गावाकडून कुणीतरी आधीच कळवलं होतं. साधना मॅडमनी फोन तिच्या हातात दिला आणि कानाशी लागून म्हणाल्या, "मावशी, खिडकीचं काही बोलू नका. ते कुणालाच सांगायची गरज नाही. मीही बोलणार नाही." ओमप्रकाश सरांनी मान डोलावली. विश्वंभर लांब जिन्याच्या पायरीवर बसला होता, दोन पोलीस त्याच्या बाजूला.

फोनवर कुलदीप ओरडत होता. मागं सुनेचा आवाज येत होता, तो ऐकवत नव्हता.

"आई, कोनी मारलं माझ्या लेकराला? नाव सांग. मी निघालोय हितून. नुस्तं नाव सांग मला."

मिराबाईनं फोन दोन्ही हातांत धरला.

"गोळ्या विश्वंभरच्या व्हत्या," ती म्हणाली. "खिडकी म्या लावली कुलदीप. तिला भिंतीला लावून निजवली ती बी म्याच. ती म्हनली व्हती, आजी, हितं वास येतो. म्या म्हनलं, निज."